बाईंचा डावा हात

पियानो शिकवणाऱ्या बाईंच्या खोलीत शिव्या चालायच्या, पण ‘चुकलं’ हा शब्द चालत नसे. एकदा खाटकाचा थोरला बोट नीट पडेना म्हणून वैतागला आणि पियानोला आईवरून काहीतरी बोलून गेला. बाई शांतपणे म्हणाल्या, "पियानोला आई नसते रे. असलाच तर सुतार बाप असतो. चल पुढं." पण हेच पोरगं "चुकलं माझं" म्हणालं असतं तर बाईंचं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं झालं असतं.

त्यांची रीतच वेगळी होती. पोर बाकावर उजवीकडं बसायचं, बाई त्याच्या डावीकडं. पोराचं बोट भलत्या पट्टीवर पडलं की बाईंचा डावा हात खालच्या अंगाला असे काही दोन-तीन सूर दाबायचा, की तो भलता सूर एकदम शहाणा वाटायला लागायचा. जणू तो तिथंच यायचा होता. भरली गाडी खड्ड्यात बसली की एखादा गडी मागनं गुपचूप खांदा लावतो आणि बैलाला वाटतं आपणच ओढली, तसा प्रकार. मग बाई म्हणायच्या, "बघ, याचं घर सापडलं. चल पुढं." पोरगं पुढं निघायचं.

वर्षाकाठी एकदा पियानो सुरात लावायला एक म्हातारा यायचा. तो म्हणायचा, "बाई, बाकीच्यांकडं चूक मरते. तुमच्याकडं ती जेवूनखाऊन जाते."

"तिला बोलावून आणतंय कोण? आलीच आहे तर उपाशी कशाला घालवू?" बाई म्हणायच्या.

हे सगळं त्यांच्यात आलं ते मामामुळं. आईच्या माघारी मामा आईच्या जागी असतो म्हणतात. बाईंचा मामा सावत्र आईच्या जागी होता. त्यानंच त्यांना पियानो शिकवला. शिकवताना तो उभा राहायचा आणि एक हात पियानोच्या झाकणावर ठेवायचा. सूर हुकला की झाकण खाली. लहान बोटं चपळ असतात, बहुतेक वेळा निसटायची. नेहमी निसटायची नाहीत. बाईंच्या उजव्या हाताची करंगळी शेंड्याला वाकडी राहिली ती त्यातलीच. मामा वारला तेव्हा बाई रीतीप्रमाणं रडल्या, आणि रडून झाल्यावर पेचकस घेऊन पियानोचं झाकण मुळापासून उचकटून काढलं. धाकट्या बहिणीनं त्या फळीची स्वयंपाकघरात मांडणी केली. लाकूड चांगलं होतं, वाया कशाला घालवा.

या दोघी बहिणी बूट दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. जिन्यात कायम चामड्याचा आणि डिंकाचा वास. लग्न दोघींचंही झालं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर धाकटी सांगायची, "हिला पोरं हवी होती, नवरा नको होता. मला दोन्ही नको होतं." धाकटी बेकरीत गल्ल्यावर बसायची आणि तिची जीभ भट्टीवर भाजून निघालेली असायची. बाई मऊ, तर ही कडक. घर चालायला दोन्ही लागतं.

बाईंकडं येणारी पोरं बहुतेक खात्यापित्या घरची. त्यांच्या घरी पियानो असायचा, निदान आत्याकडं किंवा शेजारी तरी. आठवड्यातून एकदा बाईंकडं यायची, बाकीचे दिवस घरी वाजवायची, आई मागनं ओरडायची. अशी कितीतरी पोरं बाईंच्या हाताखालून गेली आणि त्यांचं बरं झालं. म्हणून आपल्या रीतीत काही खोट असेल असं बाईंच्या मनात कधी आलं नाही. यायचं कारणच नव्हतं.

मग ठकी आली.

ठकी ही शिंप्याची पोर. लाकडी बाहुलीसारखी बसवली तिथं बसून राहायची, म्हणून आईनंच हे नाव पाडलेलं. शिंपी बाईंच्या खिडकीचे पडदे द्यायला आला तेव्हा ती त्याच्या मागं उभी होती. शिंप्यानं पडदे टेबलावर ठेवले, घडी उगाच चार वेळा नीट केली आणि म्हणाला, "बाई, एक विचारायचं होतं. हिला शाळेत वाचायला उभं केलं की... म्हणजे..."

"मुतते," ठकीची आई जिन्यातनंच म्हणाली. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. तिला अशा गोष्टी झाकून बोलायची सवय नव्हती. "घरी बोलते. वर्गात उभं केलं की तोंड बंद आणि बाकी सगळं उघडं. पोरं हसतात. मास्तरीण म्हणाली, हातानं करायचं काहीतरी शिकवा, म्हणजे तोंडाचं भय जाईल."

"घरी पियानो आहे का?" बाईंनी विचारलं.

शिंपी हसला. "आमच्या घरी कापायचं टेबल आहे. रात्री पोरं त्याच्याखाली झोपतात."

"मग इथंच वाजवू दे. शाळा सुटली की रोज येत जा गं."

पहिले काही दिवस ठकीनं पियानोला हात लावला नाही. बाईंनीही म्हटलं नाही की लाव. बाई आपल्या वाजवत बसायच्या आणि ती बाकाच्या टोकावर, निम्मी बाकावर निम्मी हवेत. मग एके दिवशी तिनं कोपरानं एकदम पाच-सहा पट्ट्या दाबल्या. ढँऽण. मुद्दामच. मार बसतो का ते बघायला. बाईंचा डावा हात खाली गेला, त्यानं कुठलेतरी सूर धरले, आणि त्या ढँणचा असा काही भरदार आवाज झाला की खालचा बूटवाला हातोडी थांबवून वर बघायला लागला.

ठकी म्हणाली, "आता दुसऱ्या कोपरानं करू?"

"कर की. कोपरं दोनच आहेत म्हणून. चार असती तर चारीनं करायला लावलं असतं."

पोर हसली. तिथनं ती वाजवायला लागली.

तिचा हात चांगला होता. नुसता चांगला नाही. बाईंनी आयुष्यात जेवढी पोरं बघितली त्यांत असा हात आला नव्हता. बोटं पट्टीवर पडायची ती पिकलं जांभूळ मातीवर पडतं तशी, आवाज न करता आणि नेमकी. चुकायचीही, सगळीच चुकतात. चुकली की बोट त्या पट्टीवर तसंच ठेवून डावीकडं बघायची. बाईंचा हात यायचा, घर सापडायचं, ती पुढं निघायची. हा खेळ रोजचा. पुढं पुढं तर ती डावीकडं बघेनाशी झाली. नुसती थांबायची, हात यायचा आणि चालायला लागायची. बघणाऱ्याला कळायचंही नाही की मध्ये काही झालं.

वर्ष-दोन वर्षांत शाळेत तिचं भिजणं बंद झालं. एकदा तर वर्गात उभं राहून धडा वाचला. शिंपी बाईंच्या दारात येऊन उभा राहिला. शेवटी म्हणाला, "तुमच्या उशीचे अभ्रे जुने झालेत. मी शिवून आणतो." आणि गेला.

गावात एक संगीतशाळा होती, सरकारी. तिथं निवडून घेतलेल्या पोरांना वाजवायला स्वतंत्र खोली, चांगला पियानो आणि पुढं मोठं होईस्तोवर शिक्षण. पण बारा वर्षांच्या आतच घ्यायचे. ठकीचं ते शेवटचं वर्ष होतं. शाळेत घेतली तर पोरीचं आयुष्य मार्गी लागणार. नाही घेतली तर आईच्या मागनं धुलाईघर आहेच, चादरींचा तोटा नाही. हे बाईंना माहीत होतं, शिंप्याला माहीत होतं, आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी ठकीलाही माहीत होतं.

बाईंनी तिला वाजवायचे दोन तुकडे बसवायला दिले, एक संथ आणि एक नाचाच्या चालीचा. खोलीत दुसरं काही वाजेना. धाकटी बेकरीतनं यायची, चपला काढायची आणि दारातच उभी राहून ऐकायची. एकदा पोर गेल्यावर म्हणाली, "ताई, एक बोलू? रागावू नकोस."

"तू न रागावण्यासारखं कधी बोललीस?"

"ही पोरगी एकटी कधी वाजवते?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू शेजारी नसताना. बाकीची पोरं घरी वाजवतात, धडपडतात, आयांच्या शिव्या खातात. हिला घरी पियानो नाही. ही जेव्हा वाजवते तेव्हा तू बाकावर असतेस. विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात. पण कधीतरी तो सोडतात गं. तू सोडलाच नाहीस. पोरीला वाटत असेल डबा पाठीचाच आहे, कुबडासारखा."

रात्री बाईंना ते खुपलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ठकी बसली तेव्हा त्यांनी डावा हात मुद्दाम मांडीखाली घेतला. तुकडा निम्मा झाला आणि पोरीचं बोट घसरलं. ती थांबली. सूर विरत गेला. हात आला नाही. तिनं मान वळवली. तोंड पांढरं पडलेलं, ओठ आवळलेले, मांड्या एकमेकींवर घट्ट. कोपरानं पट्ट्या दाबणारी, हसणारी ती पोर कुठंच नव्हती. पहिल्या दिवशी बापाच्या मागं उभी राहिलेली ती पोर होती.

बाईंना ते बघवेना. त्यांनी हात काढला आणि खालचे सूर धरले.

"चल पुढं," म्हणाल्या. "उद्या बघू."

उद्याचं त्या परवावर गेलं. परवाचं पुढच्या आठवड्यावर. माणसाची माया अशीच असते, आजचा घास आजच भरवते. मामानं जे केलं ते आपल्या हातून होणार नाही एवढंच बाईंना ठाऊक होतं, आणि मामासारखं न होण्याच्या नादात त्या मागं मागं सरकत कुठवर आल्या हे त्यांनी वळून पाहिलं नाही.

परीक्षेच्या दिवशी शिंप्यानं ठकीला नवा झगा घातला होता. कॉलर आईनं स्वतःच्या हातानं कडक केलेली. आत एकाच मोठ्या माणसाला जाऊ देत होते. शिंपी म्हणाला, "बाई, तुम्हीच जा. मला काय कळतंय." मग तो आणि त्याची बायको बाहेरच्या बाकावर बसून राहिली.

आतली खोली लांबलचक. एका टोकाला मोठा काळा पियानो, समोर टेबलामागं दोन परीक्षक, आणि पार मागं भिंतीला लागून खुर्ची. तिथं बाईंना बसवलं. पियानोसमोर बाक नव्हता. एकट्यापुरतं गोल स्टूल होतं.

संथ तुकडा असा झाला की परीक्षकांतल्या टक्कल पडलेल्या माणसानं पेन खाली ठेवलं. दुसरी बाई होती, तिनं चष्मा काढून त्याच्याकडं बघितलं. मग नाच. तोही निम्म्याच्या पुढं गेला, आणि तिथं, जिथं तिचा हात कधीच घसरत नसे अशा जागी, बोट बाजूच्या पट्टीवर पडलं.

ठकी थांबली.

बोट तिनं उचललं नाही. पट्टी तशीच दाबून धरली, आणि ती थांबून राहिली. घाबरलेली दिसत नव्हती. पाहुणा जिन्यात आलाय, दार वाजेलच, असं थांबावं तशी थांबली होती. सूर बारीक होत होत संपला.

"काही बिघडलं नाही हं, बाळ," परीक्षक बाई म्हणाली. तिचा आवाजही मऊ होता. "वाजव पुढं. सगळ्यांचं होतं असं."

ठकीला ते ऐकूच गेलं नाही. ती उजवीकडं थोडी सरकली. स्टुलावर सरकायला जागा नव्हती, तरी सरकली, शेजारी कुणाला तरी बसायचंय म्हणून जागा करून द्यावी तशी.

मागं भिंतीपाशी बाई उठून उभ्या राहिल्या. का उठल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"बाई, कृपा करून बसा," टक्कलवाला म्हणाला. "मध्ये येता येत नाही."

त्या बसल्या. त्यांचा डावा हात मांडीवर आपोआप पसरला आणि बोटांनी तो सूर धरला, नेमका तोच. लुगड्यावर धरलेला सूर कुणाला ऐकू जातोय?

मग ठकीनं मान वळवून डावीकडं बघितलं आणि तिथं कुणी नाही हे तिला दिसलं. थोड्या वेळानं स्टुलाखाली फरशीवर थेंब पडायला लागले. तिचं बोट अजून पट्टीवरच होतं. परीक्षक बाईनं येऊन ते हलक्या हातानं उचललं, तेव्हा कुठं सुटलं.

बाहेर आल्यावर शिंप्यानं अंगातला कोट काढून पोरीच्या कमरेला गुंडाळला. "तुमचा काही दोष नाही बाई," तो म्हणाला. "तुम्ही लई केलंत." हे तो मनापासून म्हणाला, आणि त्यानं दोनदा शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

त्याची बायको मात्र थांबली. नवरा आणि पोर पुढं गेल्यावर म्हणाली, "मारलं असतं तरी चाललं असतं ओ. मार पोर विसरतं. धुलाईघरात मी काय कमी मार खाल्लेली पोरं बघितली? उठतात, रडतात, कामाला लागतात. तुम्ही हिला मारलं नाहीत, पण उठायलाही शिकवलं नाहीत."

मामाला द्यायची उत्तरं बाईंनी जन्मभर घोकली होती. हा प्रश्न त्यात नव्हता.

ठकीला संगीतशाळेत घेतलं नाही. ती पुन्हा पहिल्यासारखी झाली; उलट पहिल्याहून वाईट, आता घरीही बोलेना. बाई तिच्या घरी गेल्या. ती कापायच्या टेबलाखाली बसून गुंड्या रंगांप्रमाणं लावत होती. बाई म्हातारपणाला शोभणार नाही अशा रीतीनं गुडघ्यांवर उतरल्या आणि आत डोकावल्या.

"ठके, घाबरलीस का गं तिथं?"

"नाही."

"मग?"

तिनं एक गुंडी उचलली, बघितली, बाजूला ठेवली. "तुम्ही येणार होता ना. मी थांबले होते."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं जे होतं ते सांगितलं. तिच्या लेखी बाईंचा हात हा त्या नाचाचाच भाग होता. तिनं तिचं वाजवलं होतं. बाईंनी त्यांचं वाजवलं नव्हतं.

बाईंनी घरी येऊन दोन दिवस शिकवण्या बंद ठेवल्या. मग धाकटीला म्हणाल्या, "तिला बोलावते. ती आत वाजवेल, मी बाहेर बसते. दार लावून. तू म्हणत होतीस तसं."

"आता?" धाकटी म्हणाली. "बुडाल्यावर डबा सोडतेस होय?" पण तिनं अडवलं नाही. पायरीवर टाकायला एक उशी तेवढी दिली.

शिंप्यानं ठकीला आणून सोडलं. बाईंनी तिला खोलीत नेलं, बाकावर मधोमध बसवलं आणि म्हणाल्या, "आज तू एकटी. काहीही वाजव. मी जिन्यात आहे, पण आत येणार नाही. काहीही झालं तरी येणार नाही. कळलं?" पोरीनं मान हलवली. बाईंनी दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसल्या.

बराच वेळ काही नाही. खाली बूटवाल्याची हातोडी तेवढी. मग आत नाच सुरू झाला, हळू, चाचपडत. चार पावलं गेला, सहा गेला आणि एक भलता सूर आला. नाच तिथंच थांबला.

बाईंच्या अंगातला एकूण एक स्नायू आत जायला निघाला. दार चार हातांवर होतं. आत गेल्या असत्या, डावीकडं बसल्या असत्या, खालचे तीन सूर धरले असते, तर पोर त्या क्षणी हसली असती. आणि जन्माची पांगळी झाली असती. नाही गेल्या तर काय, ते माहीत नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी जिन्याचा कठडा धरला. वाकडी करंगळी पांढरी पडली.

त्या गेल्या नाहीत. आतनं दुसरा सूर आला नाही.

दुपार उलटून गेल्यावर दार उघडलं. ठकी दारात उभी होती. झगा कोरडा होता, डोळेही कोरडे. एवढंच काय ते चांगलं.

"अजून बसू का बाई?"

"तुझं तू ठरव," बाई म्हणाल्या. असं त्या कुठल्याही पोराला आजवर म्हणाल्या नव्हत्या.

पोरीनं थोडा विचार केला. "मग जाते," म्हणाली. चपला घातल्या, बाईंच्या बाजूनं अंग चोरून जिना उतरली. बाईंनी हाक मारली नाही. हाक मारली असती तर ती आली असती, म्हणूनच मारली नाही.

ठकी परत आली नाही. पुढं शाळाही सुटली आणि ती आईबरोबर चादरींच्या कामाला लागली. तिथं बोलावं लागत नाही; यंत्रांचा आवाजच एवढा असतो की कुणीच बोलत नाही. धाकटीला ती बेकरीत दिसते कधीमधी. पाव घेते, मान खाली घालून निघून जाते. धाकटी घरी येऊन सांगते, "आज आली होती." बाई विचारतात, "कशी आहे?" धाकटीची जीभ एवढी तिखट, पण इथं तिचंही अडतं. "उंच झालीय," ती म्हणते.

बाई अजून शिकवतात. पोरं कमी झालीत. कधी डावा हात जातो, कधी मध्येच थबकतो, आणि पोरांना कळत नाही की आज चुकलं तर काय होणार. पोरांना दोन्ही चालतं, मार किंवा माया. असं अधांतरी नाही चालत. त्यामुळं सोडून जातात. खाटकाच्या थोरल्यानंही सोडलं. जाताना म्हणाला, "बाई, तुमचं हल्ली लक्ष नसतं." लक्ष होतंच की. फक्त एकाच जागी होतं, त्या दाबून धरलेल्या पट्टीवर.

परवा एका पोराची आई त्याला घेऊन नव्यानं आली. जिन्यातच चाचपून विचारलं, "तुमच्याकडं मारत नाहीत असं ऐकलं. म्हणून आणलंय. मारत नाही ना तुम्ही?"

पूर्वी या प्रश्नावर बाई मामानं वाकडी केलेली करंगळी दाखवायच्या, झाकणाची फळी दाखवायच्या, तासभर बोलायच्या.

"नाही," बाई म्हणाल्या. "मारत नाही."

त्या माउलीला वाटलं, अजून काहीतरी सांगतील. ती थांबून राहिली. बाई पोराला घेऊन आत गेल्या.